राजीनाम्याआधी दुसऱ्या वहीचं बोलू

पत्र थोडक्यात: लिहिणारे सोलापूरचे, वय 34. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात नऊ वर्षं अकाउंटंट आहेत. पत्नी खासगी दवाखान्यात नर्स, बहुतेक रात्रपाळी. मुलगी दुसरीत. आई सोबत असते. तिने विड्या वळून यांना शिकवलं, आता तिला शुगर आणि गुडघ्यांचा त्रास आहे. घराचे हप्ते अजून बरीच वर्षं चालायचे आहेत. हे लहानपणापासून मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये आहेत, क्वायरमध्ये गातात, संडे स्कूलचा वर्ग घेतात. उन्हाळ्यात संध्याकाळच्या उपदेश सभांना गेले होते. तिथे वक्त्याने कोमट मंडळीच्या वचनावर बोलताना विचारलं, "आठवड्यातले किती तास तुम्ही प्रभूला देता?" यांनी मनात बेरीज केली, सहा-सात तास भरले. तेव्हापासून झोप नाही. ते लिहितात: "मी अर्धा प्रभूचा आणि अर्धा शेठचा आहे. नोकरी सोडून पूर्णवेळ सेवेत उतरायचं ठरवलंय. राजीनामा मोबाइलमध्ये लिहून ठेवलाय. पत्नीला अजून सांगितलेलं नाही, ती घाबरेल. शेठ माणूस चांगला आहे. फक्त महिनाअखेरीला दुसरी वही सांभाळावी लागते, हैदराबादच्या मालाची बिलं फोडावी लागतात, पण ते काय सगळीकडेच आहे. पूर्ण मनाने प्रभूचा होण्यासाठी मी आणखी काय करू?"

प्रिय दादा,

तुमचं पत्र चांगलं चार पानी आहे. त्यातली साडेतीन पानं सभेची आणि राजीनाम्याची. माझं बोट मात्र अडकलं ते तुम्ही जाता जाता लिहून टाकलेल्या दोन ओळींवर. पत्नीला सांगितलेलं नाही, ही एक. आणि ती वही, ही दुसरी. तिथे येतेच, पण आधी सभेचं बोलू, कारण तुमची झोप तिथे उडाली.

प्रकटीकरणाच्या तिसऱ्या अध्यायातली ती कोमट, म्हणजे ना थंड ना गरम म्हटलेली लावदिकीयाची मंडळी काय म्हणत होती आठवा. आम्ही श्रीमंत आहोत, आम्हाला कशाचीच उणीव नाही. म्हणजे ती माणसं रात्री निवांत घोरत होती. ज्याला स्वतःचं उणं दिसतंय आणि टोचतंय त्याला ते वचन ऐकवणं म्हणजे दुसऱ्याचं औषध त्याला पाजणं. वक्त्याला मी दोष देत नाही, समोर हजार माणसं असली की एकच डोस सगळ्यांना द्यावा लागतो. पण तुम्ही तो घरी आणून रोज घेताय.

आणि तासांचा हिशेब! अकाउंटंट माणसाला प्रश्न तासांत घातला की तो बेरीज करणारच. मार्कच्या बाराव्या अध्यायात येशूने पहिली आज्ञा सांगितली, तीत अंतःकरण आहे, जीव आहे, बुद्धी आहे, शक्ती आहे. घड्याळ नाही. तासांचीच मोजणी लावायची तर रात्री तीन वाजता कुणाच्या तरी आजीची कूस बदलणारी तुमची पत्नी त्या बेरजेत शून्यावर येते. ती मोजणी कुठेतरी चुकली आहे हे एवढ्यावरून कळायला हरकत नाही.

आता तुमच्या पत्राचा पायाच जो आहे त्याकडे. पूर्ण मनाचा माणूस सगळं सोडून जातो, असं तुम्ही धरून चालला आहात. शुभवर्तमानात असे लोक आहेतच. पेत्र आणि अंद्रिया जाळी टाकून निघाले. याकोब आणि योहान बापाला मचव्यात सोडून निघाले. पण मार्कने तिथे एक गोष्ट टिपून ठेवली आहे: जब्दी मोलकऱ्यांबरोबर मचव्यात राहिला. म्हणजे म्हातारा उघड्यावर पडला नाही, धंदा चालू राहिला. आणि 'सगळं सोडलेल्या' पेत्राचं घर पुढच्या काही ओळींतच येतं. तिथे त्याची सासू तापाने पडलेली आहे आणि येशू तिला बरी करतो. पुढे पौल करिंथकरांना लिहितो त्यावरून दिसतं की पेत्राची बायको प्रवासात त्याच्या सोबत असे. सोडणं एवढं सरसकट नव्हतं.

शिवाय ज्याला येशूने चक्क परत पाठवलं तोही आहेच. गरसेकरांच्या प्रदेशातला तो भूतग्रस्त माणूस बरा झाला आणि गयावया करू लागला, मलाही तुमच्याबरोबर येऊ द्या. पूर्णवेळ सेवेची अशी कळकळीची विनंती शुभवर्तमानात दुसरी नसेल. येशू नाही म्हणाला. घरी जा, आपल्या माणसांकडे जा, त्यांना सांग. तो दकापलिसात गेला आणि त्याने तिथे सांगितलं. त्याला कोमट कोण म्हणेल?

आपल्या मराठी मंडळीत या प्रश्नावर बोलायचं तर नारायण वामन टिळकांना ओलांडून जाता येत नाही. तुम्ही क्वायरमध्ये आहात, त्यांची गीतं दर रविवारी तुमच्या तोंडी असतात. लोकांना टिळक आठवतात ते शेवटचे: 1917 मध्ये मिशनचा पगार सोडून साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडणारे, ख्रिस्ती संन्यासी. सभांमध्येही तेच सांगितलं जातं. पण त्यांचा बाप्तिस्मा झाला 1895 मध्ये. मधली वीस-बावीस वर्षं हा माणूस अमेरिकन मराठी मिशनच्या कामात, म्हणजे ज्या मिशनने आपल्या सोलापुरातही शाळा आणि मंडळ्या उभ्या केल्या त्याच मिशनच्या पगारावर होता. शिकवत होता, मिशनचं 'ज्ञानोदय' हे नियतकालिक सांभाळत होता, लिहीत होता. आपण म्हणतो त्यातली कितीतरी गीतं त्या पगारी वर्षांतली आहेत. दरबार मांडला तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती आणि मे 1919 मध्ये ते गेले. त्या शेवटच्या दोन वर्षांतच ते मनापासून ख्रिस्ताचे झाले, असं म्हणायची कुणाची छाती आहे?

टिळकांच्या गोष्टीची दुसरी बाजूही आहे, आणि ती तुमच्या पत्राला जास्त लागू पडते. 1895 च्या त्या निर्णयात लक्ष्मीबाई नव्हत्या. निर्णय नवऱ्याचा, आणि वणवण बायकोची. मूल पदरी घेऊन नातेवाइकांच्या आसऱ्याने राहणं, लोकांच्या नजरा, पुढे परत एकत्र येणं आणि मग 1900 मध्ये स्वतःच्या पायाने चालत जाऊन घेतलेला बाप्तिस्मा. हे सगळं त्यांनी आपल्या आठवणींत हसत हसत सांगितलं आहे, म्हणून वाचणारे हसतात. तो सोसलेला काळ तेवढ्याने हलका होत नाही.

याहून कठोर उदाहरण इंग्रज मिशनरी विल्यम केरीचं आहे. 1793 मध्ये तो भारतात यायला निघाला तेव्हा त्याची बायको डोरोथी आधी नाहीच म्हणाली होती. शेवटच्या घटकेला, तान्हं मूल कडेवर घेऊन, नाइलाजाने निघाली. पुढच्याच वर्षी त्यांचा पाच वर्षांचा पीटर बंगालमध्ये दगावला, तिच्या मनावर परिणाम झाला आणि 1807 मध्ये ती गेली ती त्याच अवस्थेत. केरीच्या कामाचं मोल मी कमी करत नाही. मराठीचं व्याकरण त्याने 1805 मध्ये छापलं, कोश 1810 मध्ये. आणि गंमत म्हणजे हा आधुनिक मिशनकार्याचा जनक म्हणवला जाणारा माणूस बंगालमध्ये आधी निळीच्या कारखान्यावर व्यवस्थापक होता, मग फोर्ट विल्यम कॉलेजात बंगाली, संस्कृत आणि आपली मराठी शिकवून पगार घेत होता आणि तो पगार मिशनच्या कामात घालत होता. नोकरी त्याच्या आड आली नाही. बायकोच्या वाट्याला जे आलं ते मात्र कुठल्याही थोरवीने भरून निघत नाही.

म्हणून "ती घाबरेल" हे मला पटत नाही. घाबरायचा तिला हक्क आहे. तुमचा पगार थांबला की हप्ता तिच्या पगारातून जाणार, सासूबाईंची औषधं तिच्या पगारातून येणार आणि तुम्ही विश्वासाने जगणार. आपल्याकडे 'विश्वासाने जगणं' हे पुष्कळ घरांत बायकोच्या नोकरीवर जगणं असतं, आणि सभेत उभं राहून दिलेल्या साक्षीत तिचं नाव एकदाही येत नाही. आईचंही तेच. मार्कच्या सातव्या अध्यायात येशू शास्त्र्यांवर कडाडला तो याच मुद्द्यावर: आईबापांना जे द्यायचं ते 'कुर्बान', म्हणजे देवाला वाहिलेलं आहे असं जाहीर करायचं आणि मोकळं व्हायचं. देवाचं नाव पुढे करून आईच्या ताटातलं काढून घेणं त्याला खपलं नाही.

आता ती वही.

"ते काय सगळीकडेच आहे", असं लिहून तुम्ही पुढच्या ओळीवर गेलात. मी तिथेच थांबले. तुमच्याच शब्दांवरून चित्र असं दिसतं: परराज्यात 50,000 रुपयांवरचा माल पाठवताना ई-वे बिल लागतं, म्हणून हैदराबादच्या एकाच गाडीतल्या टॉवेलच्या गाठी दोन-तीन बिलांत वाटायच्या, प्रत्येक बिल पन्नास हजारांच्या आत बसवायचं. उरलेलं कच्च्यात, म्हणजे त्या दुसऱ्या वहीत. महिनाअखेरीला पक्क्याचा आणि कच्च्याचा मेळ घालणारा हात तुमचा. रविवारी त्याच हाताने मुलांसमोर फळ्यावर खडूने वचन लिहिता.

तुम्ही विचारता, प्रभूला मी आणखी काय देऊ? माझं म्हणणं असं की तुमचं मन अर्धं आहे ते तासांमुळे नाही, त्या वहीमुळे आहे. आणि राजीनाम्याचा विचार इतका गोड लागतोय त्याचं एक कारण हेही असू शकेल की राजीनामा दिला की वहीचं न बोलता बाहेर पडता येतं. चुकत असेन तर चूक म्हणा. पण रात्री झोप येत नाही तेव्हा डोळ्यांसमोर काय येतं, सभेचा स्टेज की ती वही, हे एकदा स्वतःशी तपासून बघा.

शुभवर्तमानात हिशेबाच्या धंद्यातली दोन माणसं आहेत. मत्तय जकातीच्या नाक्यावरून उठला आणि चालता झाला. जक्कय राहिला. झाडावरून उतरला, येशूला घरी नेलं, आणि उभा राहून म्हणाला, अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि कुणाचं अन्यायाने घेतलं असेल तर चौपट परत. आज या घराला तारण झालं, असं येशू म्हणाला ते याच घरी, आणि जक्कयाला जकात सोडायला सांगितल्याचं लूक कुठेही लिहीत नाही. त्याआधी बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे जकातदार आले होते, आम्ही काय करावं म्हणून. तो म्हणाला, ठरवून दिल्याहून जास्त घेऊ नका. बस्स एवढंच. नाका सोडा असं तोही म्हणाला नाही.

जक्कयाची आणखी एक गोष्ट बघा. त्याने परत दिलं ते ज्यांचं घेतलं त्यांना. मंदिराच्या पेटीत टाकून मोकळा झाला नाही. तेव्हा तुमच्या दुसऱ्या वहीत नुसता सरकारचा कर आहे की माणसंही आहेत, हे पाहा. पॅकिंगच्या किंवा शिलाईच्या बाया कागदावर कमी पगाराच्या दाखवल्या असतील तर त्यांचा पीएफ तेवढा कमी जमा होतो. त्यांच्यात तुमच्या आईसारखी एखादी असेलच. विड्या वळणाऱ्या बाईच्या मुलाला हे मी समजावून सांगायला नको.

मग करायचं काय? कारखान्यात जाऊन भाषण ठोकू नका. शेठ चांगले आहेत म्हणता, तर दुपारी गर्दी नसताना केबिनमध्ये बसून सांगा: शेठ, यापुढे दुसऱ्या वहीला माझा हात नको. कारण विचारलं तर खरं कारण सांगा, पण त्यांना पापी ठरवून नको. मार्ग घेऊन जा. राहिलेला कर स्वतःहून भरायची सोय जीएसटी कायद्यात आहे, डीआरसी-03 हा फॉर्म त्याचसाठी असतो. सीएंना विचारून टप्प्याटप्प्याने व्यवहार पक्क्यात आणता येतो. कागद फाडू नका, फाइली पुसू नका, आणि रागाच्या भरात कुणाला कळवायलाही धावू नका. तुमची स्वतःची कायदेशीर बाजू काय आहे हे आधी कारखान्याबाहेरच्या वकिलाकडून समजून घ्या, कारण अशा कामात मदत करणाराही जबाबदार धरला जाऊ शकतो.

शेठ ऐकतील किंवा ऐकणार नाहीत. ऐकले नाहीत तर दुसरी नोकरी शोधा आणि राजीनामा द्या, तेव्हा मी तुम्हाला थांबवणार नाही. तो राजीनामा आत्ताच्या राजीनाम्यापेक्षा महाग असेल हे मात्र लक्षात ठेवा. आत्ताच्या राजीनाम्यावर सभेत "आमेन" म्हणतील, साक्ष द्यायला बोलावतील. वहीपायी गेलेल्या नोकरीची साक्ष द्यायला कुणी बोलावत नाही, उलट नातेवाईक म्हणतात, फार शहाणा झालाय.

आणि हे सगळं झाल्यावरही पूर्णवेळ सेवेची ओढ राहिली तर? राहू शकते. पाचारण खोटं असतं असं मी म्हणत नाही. पण प्रेषितांच्या कृत्यांच्या तेराव्या अध्यायात बर्णबा आणि शौल एकटे घरात बसून निघालेले नाहीत. अंत्युखियाच्या मंडळीने उपास केला, प्रार्थना केली, त्यांच्यावर हात ठेवले आणि मग पाठवलं. तेव्हा तुमच्या मंडळीला ठरवू द्या. पाळकांना सांगा, वडील मंडळींना सांगा, आणि त्यांच्या तोंडून "अजून थांबा" ऐकायची तयारी ठेवा. मधल्या काळात शिकायला सुरुवात करा. पुण्याची युनियन बिब्लिकल सेमिनरी गाडीने काही तासांवर आहे, आणि नोकरी करता करता शिकायचं तर सेरामपूरच्या ख्रिस्ती धर्मशास्त्र विद्यापीठाचे बाहेरून करायचे अभ्यासक्रम आहेत. पुण्याला जाताना दौंड मागे पडलं की केडगाव लागतं. उतरा एकदा. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथे आजही चालतं. सेवा जवळून पाहिली की कळतं, त्यात उपदेश थोडा आणि दळण, किराणा, औषधं आणि हिशेबच जास्त असतात. स्वच्छ हिशेब ठेवणारा माणूस तर सगळ्याच मंडळ्यांना हवा असतो. तुमच्या मंडळीच्या खजिनदाराला विचारून पाहा, महिन्यातल्या दोन संध्याकाळी दिल्यात तर तो नको म्हणणार नाही.

एक कोरडी गोष्ट: पीएफच्या पेन्शनला दहा वर्षांची नोकरी लागते. तुमची नऊ झाली आहेत. नोकरी बदललीत तर जुनं खातं नव्याला जोडून घ्या, पैसे काढून मोकळे होऊ नका.

असं पत्र एखाद्या एकवीस वर्षांच्या मुलीचं असतं, जिच्यावर ना कर्ज ना कुणाची जबाबदारी, तर मी वेगळं लिहिलं असतं. जा, एक वर्ष एखाद्या ठिकाणी राहून काम करून ये, असंच म्हटलं असतं. चौतिसाव्या वर्षी चार जिवांचा भार असलेल्या माणसाला तेच सांगितलं तर तो बेजबाबदारपणा माझा.

हे सदर ख्रिस्ती नसलेलेही वाचतात, त्यांच्यासाठी एक शब्द. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं टिळक म्हणत. त्याच परंपरेतले सावता माळी आपल्याच जिल्ह्यातले, माढा तालुक्यातल्या अरणचे. पंढरी एवढी जवळ असून ते मळा सोडून गेले नाहीत, विठोबाच त्यांच्याकडे आला असं वारकरी सांगतात. दीक्षा घ्यावी का, घर सोडावं का, आश्रमात जाऊन राहावं का, असं विचारणाऱ्यांना मी अरणला जाऊन यायला सांगते. जवळ आहे, आणि माणसाचा विचार जरा जमिनीवर येतो.

तुमच्याकडे परत येते. क्रम माझ्या मते असा असावा. मोबाइलमधला राजीनामा तूर्त तसाच राहू दे, पाठवू नका, पुसूही नका. आधी पत्नीशी बोला. रात्रपाळी करून ती आली की लगेच नको, तिला झोपू दे. तिच्या सुट्टीच्या दिवशी, मुलगी शाळेत असताना बोला, आणि सभेच्या आधी वहीचं सांगा. माझा अंदाज आहे की तिला त्यातलं बरंच ठाऊक आहे. मग वकील, मग शेठ. पाळकांकडे जाल तेव्हा दोघं जा. तिची रात्रपाळी आड येत असेल तर पाळकांना दुसरा दिवस मागा, ते देतील.